मालदीवला डायव्हिंग? आधी प्राणी ठरवा, मग बेट

लाखनीकर मित्रांनो, आपण तलावांच्या जिल्ह्यातली माणसं, पण समुद्र फार लांब. म्हणून पहिली बुडी मालवण-तारकर्लीलाच घ्या, पावसाळा सोडून. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हळूच हवा फुंकायची, ही सवय तिथेच लावून घ्या.

मग मालदीव. बेट हॉटेलचे फोटो पाहून निवडू नका. व्हेल शार्क पाहायचाय? दक्षिण आरी अटॉल, बाराही महिने. मांटा रे बघायचे तर बा अटॉलची हनिफारू खाडी, जून ते नोव्हेंबर. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, तरी जाच! फुवामुलाचे टायगर शार्क अनुभवी डायव्हरसाठी. नितळ पाणी साधारण जानेवारी ते एप्रिल.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास नको. परतीचं तिकीट त्या हिशेबानेच काढा.