२०० म्हणजे सगळं ठीक?

आमच्या प्रयोगशाळेचा जुना वेब सर्व्हर बदलून नवा बसवला, त्यानंतरचा सोमवार. सहकाऱ्याचा निरोप आला : आलेखाचं पान उघडलं की फाइल डाउनलोड होते. मी ती फाइल उघडली. आत आमचीच पीएचपी स्क्रिप्ट होती, आणि आठव्या ओळीत डेटाबेसचा पासवर्ड.

एरर लॉग कोरा. ॲक्सेस लॉगमध्ये मात्र त्या विनंतीपुढे २००, म्हणजे 'काम झालं'.

अपाचे खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःला पीएचपी येत नाही. ते काम मॉड्यूलचं, आणि नव्या यंत्रावर ते चालू करायचं राहून गेलं होतं. पंगतीत वाढपी आहे, पण आचारी आलेलाच नाही, असं समजा. वाढपी पानात पाककृतीचा कागद वाढतो आणि पुढे सरकतो. त्याच्या लेखी जेवण वाढून झालं! मोठ्यांचंही असं होतं. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुखपृष्ठाचा पीएचपी कोड असाच लोकांना दिसला होता; कारण, एका सर्व्हरचं चुकलेलं कॉन्फिगरेशन.

पण अपाचेने निदान तक्रार तरी करायला हवी होती ना? ती आम्हीच बंद केली होती. जुन्या फाइलमधल्या पीएचपीच्या सगळ्या आज्ञा 'इफ-मॉड्यूल'च्या कुंपणात होत्या : मॉड्यूल असेल तर ऐक, नसेल तर गुपचूप पुढे जा. हे कुंपण नसतं, तर अपाचेने सुरू व्हायलाच नकार दिला असता आणि न कळलेल्या आज्ञेचं नावही सांगितलं असतं. मला तो नकार कधीही चालेल. शिवाय पीएचपी ५, ७ आणि ८ यांच्या मॉड्यूलची नावं वेगवेगळी आहेत. त्यामुळे मॉड्यूल चालू असूनही जुन्या नावाच्या कुंपणातल्या आज्ञा वाया जातात.

तुम्ही सर्व्हर हलवणार असाल, तर आधी जुन्या यंत्रावर अपाचेला 'डॅश कॅपिटल एम' देऊन चालू मॉड्यूलांची यादी काढा, मग नव्यावर, आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्डची फाइल वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा; आम्ही ठेवली नव्हती.

संध्याकाळी पासवर्ड बदलून ॲक्सेस लॉग चाळला. ती फाइल अकरा पत्त्यांवरून उतरवली गेली होती. त्यांतले नऊ आमचे होते.