उसातला जिवाणू आणि आबांची लेक

गेल्या गळीत हंगामात वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. तिथं आपल्या गटातले एक जुने सभासद भेटले. नाव कशाला, आपण त्यांना आबाच म्हणू. तोडणीची, पाण्याची विचारपूस झाल्यावर आबा एकदम म्हणाले, "आमची थोरली पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राची पीएच.डी. करतीया. चौथं वरीस लागलं. पावणं विचारत्यात, पोरगी नापास होतीया का काय? तुम्ही कागद छापता, तुम्हीच सांगा, ह्यात असतंय काय अन् संपतंय कधी?"

आम्हांला तिथल्या तिथं धड उत्तर देता आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. म्हणून संक्रांतीला मुलगी घरी आल्याचं कळताच आम्ही आबांच्या वस्तीवर गेलो. तिळगूळ झाला आणि मुलीनं जे सांगितलं ते सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत. कारण आबांच्यासारखे पालक आपल्या कार्यक्षेत्रात आता बरेच आहेत.

पीएच.डी. ही आणखी एक मोठी परीक्षा, असा आपला समज. तसं नाही. एम.एस्सी.पर्यंत पुस्तकात असलेलं उत्तर शिकायचं असतं. इथं ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही असा एक प्रश्न घ्यायचा आणि त्याच्या मागं लागायचं. आबांच्या लेकीचा प्रश्न आपल्याच बांधावरचा आहे. उसाच्या कांड्यात एक जिवाणू राहतो. ब्राझीलमध्ये कावाल्कांते आणि योहाना डोबेरायनर या संशोधकांनी १९८८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपण ज्याला ॲसिटोबॅक्टर म्हणतो, बेण्याला चोळतो, तोच हा. हवेतला नत्र घेऊन तो वापरण्याजोगा करतो. पण युरियाचा मारा जास्त झाला की उसात त्याची वस्ती घटते, असं मेक्सिकोतल्या अभ्यासांत दिसलं. मग आपल्या को-८६०३२ मध्ये, आपल्या खतांच्या मात्रेत, यातले कोणते वाण टिकतात? एवढाच तिचा प्रश्न. ऐकायला दोन ओळींचा, पण त्यानं चार वर्षं खाल्ली.

"काका, नुसता जिवाणू हाताला लागायलाच वर्ष गेलं," ती म्हणाली. कांडं बाहेरून निर्जंतुक करायचं, साल काढायची, रस घ्यायचा, तो दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करायचा. मग ज्यात साखर भरपूर, पण नत्र जवळजवळ नाही, अशा खाद्यावर टाकायचा. ज्याला हवेतून नत्र घेता येतो तोच तिथं जोमानं वाढतो, बाकीचे उपाशी. हे खाद्य आधी मोठ्या कुकरसारख्या यंत्रात १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं, नाहीतर भलतीच बुरशी सगळं खाऊन बसते. आलेला जिवाणू खरंच नत्र धरतो का, हे पाहायला कार्बाइडपासून निघतो तो ॲसिटिलीन वायू बाटलीत सोडतात. नत्र धरणारा जिवाणू त्याचं इथिलीन करतो आणि ते यंत्रावर मोजता येतं. कार्बाइडनं केळी पिकवणारे आपल्याला ठाऊक. त्याच वायूचा हा उपयोग आम्हांला नवा होता.

तिसऱ्या वर्षी मात्र घात झाला. उणे ८० अंशांच्या शीतकपाटात जपून ठेवलेले वाण, सुट्टीत वीज गेली आणि बिघाड कुणाच्या ध्यानात आला नाही, त्यामुळं मेले. दोन वर्षांची राखण एका आठवड्यात गेली. त्याच महिन्यात एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. आबांनी फोनवर सांगितलं, "आता पुरे कर, ये घरी." पोरगी दोन दिवस बोलली नाही. आई तेवढी म्हणाली, "लावण मोडली तर आपण रान पडीक टाकतो का?" तिसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला : आपल्या आडसालीतले वीस ऊस मुळासकट पाठवा. आबांनी ते ओल्या पोत्यात बांधले आणि एस.टी.नं स्वतः नेऊन दिले. "कशाला ते काय मला कळलं न्हाई. पर न्हेऊन दिलं," आबा म्हणाले. आज तिच्याकडं आहेत ते वाण त्या वीस उसांतले आहेत.

याचा उपयोग काय, हे आबांनी आमच्यासमोरच विचारलं. तिनं दुसऱ्याच एका जिवाणूची गोष्ट सांगितली. तोडलेला ऊस रानात पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू तोडीच्या जागेतून आत शिरतो आणि साखरेचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो. शिळ्या उसानं उतारा घटतो आणि पॅनमध्ये दाणा सुईसारखा लांबट येतो, त्यात याचा मोठा हात. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात इंगेलमन यांना बीटाच्या रसात हाच चिकटा सापडला. ग्रोनवाल या डॉक्टरांबरोबर त्यांनी त्यातून रक्तद्रवाच्या जागी शिरेतून देता येईल असं द्रावण तयार केलं. आपल्या पॅनमधली ब्याद तिकडं रक्तस्राव झालेल्या माणसाला धीर देऊ लागली. आबा यावर काही बोलले नाहीत, पण चहा पुन्हा मागवला.

आता व्यवहाराचं. एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५० चालतात. प्रवेशपरीक्षा किंवा नेट द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षं आणि नेहमीची कमाल सहा. स्त्रियांना दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. तेव्हा चौथं वर्ष म्हणजे नापास नव्हे! जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० असा दर आहे. ती मिळाली नाही तर सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याकडं चौकशी करावी. त्यातलंही काही जमलं नाही तर खर्च घरातून, आणि तो झेपणारा आहे का हे आधी बघावं. नावापुढं डॉक्टर लागावं एवढ्याचसाठी कुणी जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आणि उमेदवार फार. शिवाय गाईड कसा मिळतो यावर निम्मं नशीब अवलंबून. आधीच्या विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय नाव घालू नये.

आबांच्या लेकीचा प्रबंध आता लिहून होत आला आहे. युरिया बंद करा असं त्यात असेल का, असं आम्ही विचारलं, तर ती हसली. "नाही काका. तेवढं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही."

प्रबंध बाहेरचे दोन परीक्षक तपासतात आणि मग सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा होते. ती उघडी असते, कुणीही येऊन बसावं, हे ऐकल्यावर आबा सावरून बसले. "म्हंजे आम्ही आलो तर चालंल?" त्यांनी विचारलं. तारीख हंगामात पडली तर पाण्याची पाळी कुणावर टाकायची, याचा हिशेब आम्ही निघालो तेव्हा चालू होता.