बॉल पायथनचे घर: ऊब, उजेड आणि ओलावा

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. घाबरला की डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिन या देशांत तो दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये तो अनेक घरांत पाळला जातो. तिथल्या एखाद्या मराठी घरात मुलांनी त्याचा हट्ट धरला, तर पेटीची तयारी आईबापांवरच येते. नीट सांभाळला तर हा साप २० ते ३० वर्षे जगतो, त्यामुळे तयारी घाईने उरकू नये.

भारतातल्या वाचकांनी आधी कायदा पाहावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले साप घरी ठेवता येत नाहीत. बॉल पायथन परदेशी असला, तरी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

आता पेटी. पूर्ण वाढलेल्या सापाला साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. लांबी महत्त्वाची, कारण सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. गरम वाटले की तो गारव्याला सरकतो, गार वाटले की उबेला येतो. पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड असेल, तरच त्याला हे करता येते. दोन्ही टोकांना अंग घासून बसेल अशी एकेक लपण्याची जागा ठेवा. एकाच टोकाला ठेवली, तर साप सुरक्षित वाटते तिथेच बसून राहतो, मग तिथले तापमान त्याला सोसो वा न सोसो.

उबेसाठी दिवसा वरून हॅलोजन दिवा लावावा. त्याच्या थेट खालची जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २४ ते २७. अमेरिकेत फॅरनहाइट वापरतात, तिथे हेच आकडे साधारण ८८ ते ९१ आणि ७५ ते ८१ होतात. रात्री खोली गार पडत असेल, तर उजेड न देता तापणारा सिरॅमिक हीटर घ्या. त्याला चिनी मातीचेच होल्डर लागते, प्लास्टिकचे वितळते. दिवा पेटीच्या आत असेल, तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप वर चढून दिव्यालाच वेटोळे घालतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मात्र घेऊ नका. पोट भाजत असतानाही साप बाजूला होईलच असे नाही, आणि भाजलेले आपल्या लक्षात येते तेव्हा जखम खोल गेलेली असते.

ऊब देणारे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेले तापमान राखणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नये. पैसे वाचवायचेच असतील तर सजावटीवर वाचवावेत. हॅलोजनला प्रकाश कमी-जास्त करणारा, म्हणजे डिमिंग प्रकारचा थर्मोस्टॅट घ्यावा. साधा घेतला, तर दिवा सारखा बंद-चालू होत राहतो.

सर्वांत जास्त चुका थर्मोस्टॅटच्या वायरीच्या टोकाला असलेल्या संवेदकाच्या जागेबाबत होतात. तो दिव्याखालच्या जागेशी, साप बसतो त्या उंचीवर, पक्का बांधावा. सैल राहिला, सापाने ढकलला आणि पाण्याच्या भांड्यात पडला, तर उपकरणाला सगळीकडे गारच वाटते आणि दिवा पूर्ण जोराने तापत राहतो. बांधताना पेटीच्या आत चिकटपट्टी नको, ती सापाच्या कातडीला चिकटते आणि काढताना खवले सोलून निघतात.

उजेडाचे काम त्यामानाने सोपे. दिवसा १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार, लाल-निळे दिवेसुद्धा नकोत. अतिनील-बी किरणांची ट्यूब या सापाला सक्तीची नाही. लावायची तर सौम्य घ्यावी आणि खाली भरपूर सावली ठेवावी. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवून मात्र काही साधत नाही. काच ते किरण अडवते, आणि बंद पेटी थोड्या वेळात जीवघेणी तापते.

खरी कसोटी ओलाव्याची. हवेत ६० ते ८० टक्के आर्द्रता हवी, आणि ऊब नेमकी तिच्या मुळावर उठते. खोलीतली २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ३० अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढेच असते, पण गरम हवेची ते धरून ठेवण्याची ताकद वाढलेली असते. अशा वेळी बहुतेक जण दिवसातून चारदा फवारणी करतात. त्याने आकडा तासभर चढतो, वरचा थर चिकचिकीत होतो आणि संध्याकाळी पुन्हा सगळे कोरडे.

त्यापेक्षा तळाशी नारळाच्या काथ्याच्या भुशाचा चार इंच थर द्यावा आणि कोपऱ्यांतून पाणी ओतावे. खालचा भुसा ओला राहून हळूहळू वाफ सोडतो, वरचा कोरडा राहतो. साप सतत ओल्यावर बसला, तर पोटाचे खवले सडतात. झाकण जाळीचे असेल, तर दिव्यापासून लांबचा बराच भाग बाहेरून झाकावा, थोडी जाळी हवेसाठी उघडी ठेवावी. देवदाराचा भुसा वापरू नये, त्याचा उग्र वास सापाला बाधतो.

एवढे झाल्यावर पेटी आठवडाभर रिकामीच चालवावी. दोन्ही टोकांना डिजिटल तापमापक आणि आर्द्रतामापक ठेवून सकाळ-रात्रीचे आकडे लिहावेत. डायलचे स्वस्त मापक भरवशाचे नसतात. आकडे स्थिरावले, की साप आणावा. थंडीत घरातला हीटर सुरू झाला, की हीच तपासणी पुन्हा करावी, कारण तेव्हा घरातली हवाच कोरडी पडते.

पुढे सापाची कात पाहत जावी. ती अखंड उतरली, तर ओलावा पुरेसा आहे. तुकड्यांत निघाली, तर कमी पडतो आहे. डोळ्यांवर पापुद्रा राहिला, तर चिमट्याने ओढू नये, डोळ्याला इजा होते. ओल्या शेवाळाने भरलेला, एका बाजूने भोक पाडलेला डबा पेटीत ठेवावा आणि पुढच्या कातीची वाट पाहावी. तेव्हाही पापुद्रा निघाला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. श्वासाला घरघर येत असेल, तोंड उघडे राहत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसत असतील, तर कातीची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे.