पहिल्या गप्पांत शेरेबाजी नको, प्रश्न हवा

अनोळखी चेहरा विश्वासू वाटतो की नाही, याचा कौल आपला मेंदू सेकंदाच्या दहाव्या भागात देऊन मोकळा होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. चॅटवर मात्र चेहरा नसतो, आवाज नसतो. मग तिथे समोरच्याचे मत कशावरून बनते?

हार्वर्डमधील कॅरेन ह्वांग, ॲलिसन वुड ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा एक धागा सापडतो. त्यांनी अनोळखी लोकांच्या जोड्या लावून त्यांना १५ मिनिटे ऑनलाइन गप्पा मारायला सांगितले. काहींनी किमान ९ प्रश्न विचारायचे होते, काहींनी जास्तीत जास्त ४. जास्त प्रश्न विचारणारे समोरच्याला अधिक आवडले. त्यातही खरा प्रभाव पडला तो उत्तरातून निघालेल्या प्रश्नांचा.

समजा, समोरून आले, ‘सुट्टीच्या दिवशी मी ट्रेकला जाते.’ त्यावर ‘अच्छा, जॉब कुठे करता?’ असे विचारले की विषय तुटतो. ‘अलीकडे कोणता किल्ला केलात?’ असे विचारले की तो पुढे सरकतो. प्रत्यक्ष भेटीत आपले लक्ष आहे हे नजर आणि हुंकार सांगतात. चॅटवर ते काम अशा प्रश्नालाच करावे लागते.

थट्टेचे गणित मात्र इथे हमखास चुकते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील प्रयोगात, ईमेलमधला उपरोध सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. वाचणाऱ्यांना तो जेमतेम ५६ टक्के वेळा ओळखता आला, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा निकाल. लिहिताना आपला स्वर आपल्या मनात घुमत असतो, पण वाचणाऱ्यापर्यंत फक्त अक्षरे पोहोचतात. याच अडचणीवर उपाय म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी १९८२ मध्ये विरामचिन्हांतून साकारलेला हसरा चेहरा सुचवला होता.

एक दिलासा मात्र आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की अनोळखी व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलल्यानंतर आपण तिला किती आवडलो, याचा अंदाज माणसे सहसा कमीच बांधतात.

तेव्हा चमकदार पहिले वाक्य शोधत बसू नका. समोरच्याचे उत्तर नीट वाचा आणि पुढचा प्रश्न त्यातूनच काढा.