माळावरची कंदीलपुष्पे

कोल्हापूर शहरालगतच्या ८५३ एकरांच्या परिसरात वसलेल्या शिवाजी विद्यापीठाचे खरे बळ आपल्या मुलखाशी त्याने जोडलेल्या नात्यात आहे, आणि ते नाते समजून घ्यायचे तर प्रशासकीय इमारतीपेक्षा तेथील तळी, विहिरी आणि वनस्पती उद्यान आधी पाहावे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले, इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले, २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात उरले आहेत.

या तीन जिल्ह्यांतील शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुले येथे शिकावीत म्हणून चालवलेली ‘कमवा व शिका’ योजना, म्हणजे विद्यार्थ्याने दिवसातील काही तास परिसरातच काम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलण्याची व्यवस्था, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या स्वावलंबनाच्या विचाराशी थेट नाते सांगते. तर ‘अग्रणी महाविद्यालय’ योजनेत एका साधनसंपन्न महाविद्यालयाभोवती आसपासची लहान महाविद्यालये गुंफली जाऊन व्याख्याने व कार्यशाळा आडगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. पाण्याच्या बाबतीतही हेच नाते दिसते. परिसरातील माळावर पडणारे पावसाचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत साठवून विद्यापीठाने आपली गरज भागवली, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रे बुडून नळ कोरडे पडले तेव्हा चहूकडे पाणी असूनही पिण्याला थेंब नसलेल्या कोल्हापूरकरांना याच माळावरून पाणी दिले गेले. साठवलेल्या पाण्याचा याहून चोख उपयोग सांगता येणार नाही.

तरीही या विद्यापीठाचे सर्वांत विलोभनीय काम पाहायचे असेल, तर पावसाळ्यात वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात जावे. तेथे सिरोपेजिया या प्रजातीच्या वेली व रोपटी जपलेली आहेत. मराठीत तिला कंदीलपुष्प म्हणतात आणि सह्याद्रीतील लोक खरपुडी किंवा खरचुडी या नावांनी तिला ओळखतात. भारतात तिच्या पन्नासहून अधिक जाती असून त्यांतील बऱ्याच प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या आहेत. बोटाच्या पेराएवढे हे फूल जवळून न्याहाळले तर त्याच्या रचनेने मन थक्क होते: पाकळ्या जुळून झालेली नळी, तळाशी सुरईसारखा फुगवटा, आणि बहुतेक जातींत वर पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून झालेली, कंदिलाच्या काचेभोवतीच्या तारांची आठवण देणारी जाळी. गंधाने ओढली गेलेली चिमुकली माशी जाळीच्या खिडकीतून आत घसरते, नळीतले खाली वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत, आणि ते केस सुकेपर्यंत ती आत फिरत राहते. त्याच वेळी परागांचे पुंज तिच्या सोंडेला चिकटतात व सुटून ती पुढच्या फुलात शिरली की परागीभवन घडते. इतक्या गुंतागुंतीच्या व्यवस्थेत फळ धरण्याचे प्रमाण कमी राहते, त्यात जमिनीखालचा कंद माणसे आणि साळिंदर दोघेही आवडीने खातात, आणि चराई व खाणींमुळे माळ उजाड होतात. म्हणून अनेक जाती नामशेष होण्याच्या काठावर आल्या.

या वनस्पतींवर याच विभागातील प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम हे विद्यापीठाच्या कीर्तीचे मोठे कारण मानावे लागेल. त्यांनी मिलिंद सरदेसाई यांच्यासह सिद्ध केलेला कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ विद्यापीठानेच २००२ मध्ये प्रकाशित केला. सिरोपेजिया फॅन्टॅस्टिका ही अतिसंकटग्रस्त जाती वाढवून पुन्हा निसर्गात रुजवण्याविषयीचा त्यांचा अभ्यास २०१० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. वनस्पती वाचवण्याचे काम कुंडीत संपत नाही, ती मूळच्या जागी परत जगली तरच ते पुरे होते, हे या अभ्यासामागचे सूत्र फार मोलाचे आहे. आणि त्या जागी ती टिकायची तर जिथे खरपुडीचा कंद उकरला जातो, तिथल्या गुराख्यांना व गावकऱ्यांना तिचे मोल पटणे कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. अशा ठिकाणी विद्यापीठाचा गावाशी असलेला घरोबा हाच संवर्धनाचा आधार होतो.

हा वारसा आता संलग्न महाविद्यालयांपर्यंत झिरपला आहे. कोल्हापुरातील न्यू कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या चमूला विशाळगडावर कंदीलपुष्पाची एक नवी जाती आढळली, आणि २०२३ मध्ये तिचे शास्त्रीय नाव छत्रपती शिवरायांवरून सिरोपेजिया शिवरायीना असे ठेवण्यात आले. ज्या गडाकडे पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवराय पावसाळी रात्री धावत निघाले होते, त्याच गडाच्या उतारांवर ही जाती पावसाळ्यात फुलते.