शेणखताचा रविवार

इतिहासाच्या पुस्तकात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचं नाव येतं ते १७५० च्या करारापुरतं. छत्रपती रामराजांकडून राज्याची सूत्रं पेशव्यांच्या हाती गेली, त्यावर शिक्कामोर्तब या गावात झालं. माणदेशातल्या शेतकऱ्याला मात्र सांगोला म्हटलं की रविवार आठवतो. त्या दिवशी इथं आठवडी बाजार भरतो, आणि त्याच दिवशी खिलार जनावरांचा, शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजारही भरतो. महूद, जवळा, नाझरे, कोळे, घेरडी, अजनाळे अशा तालुक्यातल्या गावांहून माणसं येतातच. शिवाय आटपाडी, जत, मंगळवेढ्याकडचीही येतात.

शहरांत हल्ली ‘सेंद्रिय शेतकरी बाजार’ भरतात. कापडी कनाती, पुठ्ठ्याच्या पाट्या, काचेच्या बाटल्यांतलं तूप, आणि शेतकऱ्याशी थेट बोलल्याचं समाधान. असे बाजार वाढावेत असंच मला वाटतं. पण सांगोल्याच्या रविवारी फिरताना दर वेळी जाणवतं की, शहरात जे मुद्दाम जमवून आणावं लागतं त्यातलं बरंच काही इथं पोत्यावर मांडून ठेवलेलं असतं, आणि त्यावर पाटी नसते म्हणून आपण ते ओलांडून पुढे जातो.

पाटी नाही, कारण ‘सेंद्रिय’ हा शब्द या बाजारात फारसा कुणी बोलत नाही. इथले शब्द वेगळे आहेत. ‘घरची हाय’, ‘रानातली हाय’, ‘गावठी हाय’, ‘शेणखतावरची हाय’, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘औषध न्हाई मारलेलं’. प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे आणि तो समजून घ्यावा लागतो. ‘गावठी’ म्हणजे बियाणं जुनं. त्यावर फवारणी झाली नाही, असा त्याचा अर्थ नाही. ‘शेणखतावरची’ म्हणजे खत गोठ्यातलं. पण मधे एखादी युरियाची मूठ पडली नसेल असं नाही. ‘घरची’ म्हणजे आपल्या खाण्यासाठी लावली आणि उरली ती बाजारात आणली. माझा सर्वांत जास्त भरवसा या ‘घरची’ शब्दावर आहे. स्वतःच्या लेकराबाळांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर बाई सहसा फवारा मारत नाही.

अशा ‘घरच्या’ भाजीवाल्या बाजारात ओळखू येतात. त्यांच्यापुढे माल थोडा असतो आणि नाना जातींचा असतो: चार जुड्या मेथी, दोन शेपू, ओंजळभर गवार, एखादा दुधी भोपळा, पानात गुंडाळलेली कोथिंबीर, आणि कोपऱ्यात कोंबडीची पाच-सहा अंडी. ज्याच्यापुढे एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या वांग्यांची रास असते तो बहुधा व्यापारी असतो. त्याने माल मोठ्या बाजारातून उचललेला असतो. त्यातही काही वावगं नाही, पण ती भाजी कुठल्या रानातली हे त्यालाही ठाऊक नसतं. वांग्याचं तर विशेष सांगायला हवं. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर फवारण्या फार होतात. म्हणून टोपलीत दोन-चार किडकी वांगी दिसली तर मी ती टोपली सोडत नाही, चांगली निवडून घेतो.

हिवाळ्यात या पोत्यांवर पाथरी येते. रब्बी ज्वारीच्या रानात आपोआप उगवणारी ही पालेभाजी कोणी पेरत नाही. तिच्यासोबत घोळ, तांदुळजा, आणि पावसाळी दिवसांत कडवंची. कडवंचीची छोटी, कडवट फळं शेंगदाण्याच्या कुटात परतली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. रानभाज्यांचं कौतुक चवीसाठी होतं, ते रास्तच. माझ्या लेखी त्यांचं मोल आणखी एका कारणानं आहे. ज्या रानात तणनाशक पडलं तिथं पाथरी तग धरत नाही. मजूर मिळेना झाले तसा तणनाशकाचा वापर वाढला, आणि ज्या बायका खुरपताना ओच्यात पाथरी भरून आणायच्या त्यांच्या हातचं खुरपंही सुटलं. तेव्हा पोत्यावर पाथरीची जुडी दिसली तर समजावं की तालुक्यात कुठेतरी एक रान, निदान एक बांध, अजून विषाविना आहे.

धान्याच्या ओळीत तर सेंद्रिय-असेंद्रिय हा वादच पुष्कळसा गळून पडतो. हा अवर्षणाचा मुलूख. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर पडला. अशा जमिनीत जिरायत पीक घेणारा माणूस महाग खत आणि औषध घालणार कशाच्या भरवशावर? काळ्या रानातली शाळू ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते आणि थंडीत दवावर पोसते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी आज इतक्या वर्षांनीही या भागात पेरली जाते, कारण तिची भाकरी मऊ राहते आणि कडबा जनावर आवडीनं खातं. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीच्या बरोबरीनं बाजरी, हुलगा, मटकी, तूर. मटकी आणि हुलगा तर हलक्या, मुरमाड रानातही येतात, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतात, आणि पाला गुरांपुढे पडतो. शहरातल्या दुकानात पुडीवर ‘सेंद्रिय मटकी’ लिहून जिचा भाव चढवलेला असतो, तिच्या तोडीची मटकी इथं म्हातारा शेतकरी पोत्याचं तोंड उघडं टाकून विकत असतो. त्याला तिच्याबद्दल काही विशेष सांगावंसं वाटत नाही, कारण मटकीला औषध मारतात ही गोष्टच त्याच्या हिशेबात नसते.

आता जनावरांच्या बाजाराकडे वळू. सेंद्रिय मालाविषयी लिहिताना बैलांकडे कशाला जायचं, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं आहे की सुरुवातच तिथून करायला हवी.

पांढराशुभ्र किंवा किंचित करडा रंग, लांब निमुळता चेहरा, मागे जाऊन वर वळलेली धारदार शिंगं, आखूड केसांची चकाकती कातडी. खिलार हे माणदेशाचंच जनावर. चारा कमी, चाल जास्त आणि ऊन सोसणारं. बाजारात व्यापारी, ज्यांना आपल्याकडे हेडी म्हणतात, बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, असा वयाचा हिशेब होतो. मग चालवून पाहणं, पाठीवर थाप मारून अंग पाहणं, आणि जुन्या वळणाचे लोक असतील तर उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणं. बोटं धरली की भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. जवळच कासरे, दावी, वेसण, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांच्या शेंब्या यांची दुकानं मांडलेली असतात. बाजूला मेंढ्यांचे कळप. त्यांत जत तालुक्यातल्या माडग्याळची, पोपटासारख्या बाकदार नाकाची मेंढरं दुरूनही उठून दिसतात.

या सगळ्याचा भाजीशी संबंध असा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचं प्रमाण साधारण अर्धा टक्का असतं. युरियात ते ४६ टक्के. म्हणजे ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीत जेवढं नत्र आहे, तेवढं शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून अधिक खत लागतं. गोणी सायकलवर येते. चार टन खताला गोठा लागतो, उकिरडा लागतो, गाडी लागते आणि वर्षभराचा धीर लागतो. शेणखत जमिनीला नत्राखेरीज सेंद्रिय कर्ब देतं, ओल धरून ठेवतं, आणि सांगोल्यासारख्या तालुक्यात ओल धरणं म्हणजेच पीक हाती येणं. पण ते यायला दावणीला जनावर हवं. जीवामृत या द्रवखताचंही तेच. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. या यादीतल्या दोन महत्त्वाच्या वस्तू, शेण आणि गोमूत्र, गोठ्यातून येतात. गोठा रिकामा झाला की सेंद्रिय शेती दुकानातून विकत आणावी लागते, आणि मग तिचा भाव गरिबाला परवडत नाही.

धनगरांची मेंढरं या हिशेबात मोठा वाटा उचलत आली आहेत. पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, रात्रभर त्यांच्या लेंड्या आणि मूत रानात पडू द्यायचं, आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे. खत वाहून नेण्याचा खर्च नाही. खतच चालत रानात येतं. ही व्यवस्था आजही माणदेशात टिकून आहे, आणि माझ्या मते कुठल्याही सरकारी खत योजनेपेक्षा ती शहाणपणाची आहे.

गोठे मात्र रिकामे होत आहेत. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. खिलार गाय दूध घरापुरतं देते, म्हणून दावणीला संकरित गाय आली. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती सुरू झाल्या तसा चपळ खोंडांना भाव आला. वंश टिकायला त्याची मदत होते हे खरं, तरी शर्यतीचं खोंड हजारात एखाद्याच्या दारात असतं. नांगराचा, गाडीचा, खताचा बैल साध्या शेतकऱ्याच्या दारात राहायला हवा. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी रोग आला तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बाजार थांबला की गोठ्यांची देवघेव किती थांबते, हे तेव्हा दिसलं.

सांगोल्याची दुसरी ओळख डाळिंबाची. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि मुरमाड माळांवर डाळिंब उभं राहिलं. आधी गणेश वाण, मग भगवा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरात आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, दोन हजार किलोमीटरपलीकडच्या पश्चिम बंगालमधल्या शालीमारला. पण याच बागांवर तेल्या रोग आला, मर आली, खोडकिडा आला. अलीकडच्या वर्षांत कित्येकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा स्वतः उपटून टाकल्या. तेल्याच्या धास्तीनं फवारण्या वाढल्या, त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते. युरोपात जाणाऱ्या डाळिंबासाठी बागेची नोंदणी होते, ‘अनारनेट’वर तिची माहिती भरली जाते, फळांचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि औषधांचा उर्वरित अंश ठरावीक मर्यादेत असेल तरच पेटी जहाजावर चढते. पहिल्या प्रतीचं फळ असं पारखून जातं. चिरलेलं, डागाळलेलं, लहान फळ रविवारच्या बाजारात येतं, आणि ते खाणाऱ्या सांगोल्याच्या पोरासाठी अशी कुठलीही तपासणी नसते. परदेशी गिऱ्हाइकासाठी आपण जी काळजी घेऊ शकतो, ती घरच्या गिऱ्हाइकासाठी घेता येत नाही असं मानायला मी तयार नाही.

प्रमाणपत्राचे मार्ग आहेत. निर्यातीच्या सोयीची राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन योजना २००१ पासून आहे, पण खर्च आणि कागदपत्रं दोन एकरवाल्याच्या आवाक्याबाहेरची. त्याहून सोपी ‘पीजीएस’ पद्धत. पाच-सात शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांच्या रानात जाऊन पाहायचं, एकमेकांची हमी घ्यायची. गावात कुणी रात्रीतून काय फवारलं हे शेजाऱ्याला कळतंच, म्हणून ही पद्धत मला आपल्या गावांच्या स्वभावाला धरून वाटते. छोट्या शेतकऱ्यानं आपला माल थेट खाणाऱ्याला विकला तर त्याला प्रमाणपत्रातून सूट देण्याची तरतूदही २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत केली गेली. त्याच तरतुदीतला थेट विक्रेता म्हणजे रविवारी पोतं पसरून बसलेली बाई. ती पुढच्या रविवारी त्याच जागी बसणार असते, आणि खोटं बोलली तर गिऱ्हाईक तिला तोंडावर सांगणार असतं.

राज्याच्या पणन मंडळाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू केले तेव्हा अभियानाला नाव दिलं संत सावता माळ्यांचं. सावतोबांचं अरण याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. भाजीच्या मळ्यातच ज्यांनी विठ्ठल पाहिला, त्यांच्या नावाचा बाजार पुण्या-मुंबईत भरतो. तसा त्यांच्या जिल्ह्यातल्या सांगोल्यातही भरावा, असं मागणं जास्त नाही.

बाजार समितीला आणि नगरपालिकेला विनंती एवढीच: रविवारच्या बाजारात एक ओळ ‘घरच्या’ मालासाठी राखून ठेवा. विकणाऱ्याच्या पुढे त्याच्या गावाचं नाव असलेली पाटी असू द्या. महिन्यातून एकदा त्या ओळीतल्या दोन-चार नमुन्यांची तपासणी करा आणि निकाल फळ्यावर लिहा. आणि वाचकांना सांगणं असं की, सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. भाव करण्याआधी तीन प्रश्न विचारा: कुठल्या गावची, खत काय घातलं, शेवटचं औषध कधी मारलं. आणि जी बाई तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर देईल, मग ते ‘पंधरा दिवसांपूर्वी मारलं होतं’ असं का असेना, तिच्याकडूनच दर रविवारी भाजी घ्या.