पाटीवरच्या भेंड्या

दिवाळीत माहेरी चार माणसे जमली, फराळाची ताटे उचलली गेली आणि अडकित्ता सुपारीवर चालू लागला, की कोणीतरी भेंड्यांचा विषय काढतेच. तुमच्या घरी काही निराळे घडत असेल असे मला वाटत नाही. आधी गावांच्या भेंड्या, त्या कंटाळवाण्या झाल्या की कवितांच्या, आणि शेवटी जिच्यासाठी सगळे अडून बसलेले असतात ती गाण्यांची भेंडी! दोन पक्ष पडतात, एकाच्या गाण्याचे शेवटचे अक्षर दुसऱ्याने धरायचे, दहा आकडे मोजेपर्यंत गाणे सुचले नाही तर भेंडी चढली.

माझे माहेर रेणापूर. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचे, रेणा नदीकाठचे, रेणुकादेवीचे गाव. आमचे वडील निझामी अमदानीत उर्दूतून शिकले. त्यांच्या शाळेत बैतबाजी चालायची, म्हणजे शेरांच्या भेंड्याच म्हणा ना! त्यामुळे भेंड्या हा आमच्या घरी पोरखेळ नव्हता. वडील पंच म्हणून बसत आणि कोणी अर्धवट ओळ गुणगुणून वेळ काढू लागला तर उर्दूत त्याची अशी खरडपट्टी काढत, की एकही शब्द न कळताही अपमान पुरता पोचायचा.

आमच्या पिढीचा साठा मात्र शेरांचा नव्हे, रेडिओचा. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीने सिनेमाच्या गाण्यांकडे पाठ फिरवली, आणि 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज ऐकू आला, की आमच्या गल्लीत भाकरी करपत. आकाशवाणीलाही शेवटी शहाणपण सुचले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती निघाली. आमच्या भेंड्यांचे सारे दारूगोळ्याचे कोठार या दोन ठिकाणी भरले गेले.

एक गंमत पाहा. आपल्या गाण्याला नाव असे नसतेच. कवीने मथळा दिलेला असला तरी तो कोण लक्षात ठेवतो? मुखड्याचे पहिले दोनतीन शब्द हेच त्याचे नाव. रेकॉर्डच्या तबकडीवर तेच छापायचे आणि फर्माईश पाठवतानाही तेच लिहायचे. म्हणून पहिला शब्द ज्याला आठवला त्याला गाणे सापडले. भेंड्यांची किल्ली ती हीच.

पण या खेळात आमच्या घरी एक माणूस नेहमी हरत असे. माझी थोरली वहिनी.

वहिनी बिदरच्या. घरची भाषा मराठी, पण शाळा सगळी कन्नड. 1956 साली हैदराबाद संस्थानाच्या जागी झालेले राज्य मोडले, तेव्हा बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी म्हैसूरकडे गेले. सोयरिकी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. वहिनींना राजकुमारच्या सिनेमांतली गाणी ढिगाने येत. पण आमच्या भेंड्यांत कायदा होता: मराठी आणि हिंदी, तिसरी भाषा चालणार नाही. हा कायदा केला होता आईने. वहिनी लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच दिवाळीत, ‘र’ वर अडल्या असताना त्यांनी एक कन्नड गाणे धरले. आई ताडकन म्हणाली, “ते नको. मराठी म्हण, नाही तर भेंडी घे.” वहिनींनी भेंडी घेतली. त्यानंतर पंधरा वर्षे भेंड्या सुरू झाल्या, की वहिनींना नेमके भांडी आवरायचे आठवे. आम्हा कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग 1993 साल आले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे भुईसपाट झाली, हजारो माणसे गेली. माळवदांनी माणसे मारली, असे लोक म्हणत. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छत, दुसरे काय होणार? रेणापूर तिथून लांब म्हणून वाचले, पण घर आमचेही माळवदाचेच. त्या दिवसापासून सारे गाव अंगणात झोपू लागले.

नोव्हेंबरात दिवाळी आली तरी रात्री कोणी छताखाली जाईना. फटाके वाजवायचे नाहीत हे कोणी न सांगता ठरले. ताडपत्रीखाली ओळीने अंथरुणे पडत, लिंबाला एक दिवा टांगलेला असे. आणि भेंड्या? कोणी गाणे सुरू केले, की दोन कडव्यांत आवाज आपोआप उतरे. शेजारच्या घरी किल्लारीकडची सुतकी माणसे आली होती. त्यांच्या भिंतीला लागून गाणी कशी गायची?

तोड काढली माझ्या भाच्याने. तो लातूरला कॉलेजात शिकत होता. तिथे मुले तासाला मागच्या बाकावर एक मुका खेळ खेळत. सिनेमाचे नाव मनात धरायचे, स्वर तेवढे लिहायचे, व्यंजनांच्या जागी रेघा. समोरच्याने एकेक अक्षर विचारायचे. चुकले की ‘बॉलिवूड’ या शब्दाच्या नऊ रोमन अक्षरांतले एक खोडायचे. भाचा म्हणाला, “गाण्याची नावं धरू. आवाजच नाही करायचा.”

पण आई रोमन कुठून वाचणार? म्हणून आम्ही तो खेळ देवनागरीत आणला, आणि तो रोमनपेक्षा कितीतरी फक्कड निघाला. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार तेवढे पाटीवर मांडायचे आणि अक्षरांच्या जागा रिकाम्या. ‘र’ बरोबर आला, की रा, री, रु सगळे एकदम भरायचे. जोडाक्षरातले अर्धे अक्षरही मोजायचे. खोडायला शब्द कोणता घ्यावा यावर वाद झाला. मुलांनी ‘रेणुकादेवी’ लिहिले, बरोबर पाच अक्षरे. आई उठून बसली. “देवीचं नाव खोडायलाव व्हय रे? आधीच काय कमी झालंय!” मग ‘लातूररोड’ ठरले. तेही पाच अक्षरांचेच, आणि ते जंक्शन कितीही खोडले तरी कुणाचा कोप व्हायचा नव्हता.

खेळता खेळता युक्त्याही कळत गेल्या. पहिल्याने ‘र’ विचारावा, तो बहुधा असतोच. शेवटच्या अक्षरावर दोन मात्रा दिसल्या तर हिंदी गाण्यात ‘ह’ धरून पाहावा. आणि ‘ळ’! भेंड्यांत हे अक्षर म्हणजे निव्वळ डोकेदुखी. त्याने शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ल’ वर भागवायचे. इथे मात्र ‘ळ’ निघाला, की गाणे हिंदी नाही हे पक्के.

तिसऱ्या रात्री पाटी फिरत फिरत वहिनींकडे गेली. त्या उठून चालल्याच होत्या, पण अंगणात भांडी कुठली आवरणार? त्यांनी खूप वेळ पेन्सिल धरून ठेवली. मग लिहिले: दोन शब्द. पहिल्यात चार अक्षरे, पहिल्यावर अनुस्वार, दुसऱ्याला काना, पुढली दोन मोकळी. दुसऱ्यात मधल्याला उकार आणि शेवटी जोडाक्षर. “गाणं नव्हे, सिनेमा आहे,” एवढेच म्हणाल्या.

‘म’ लागला, ‘न’ लागला, आणि दुसरा शब्द मुलांनी ओरडून सांगितला: मनुष्य! पहिल्यात ‘र’ तिसऱ्या जागी बसला. ‘संसार’ असणार म्हणून ‘स’ विचारला, ‘ला’ गेले. मग क, त, ल, च. लातूररोड संपले. मुले म्हणाली, “सांगा ना काकू.” वहिनींनी पाटी पालथी घातली. “उद्या सांगते.”

दिवा मालवला. मला झोप लागत होती, इतक्यात आईच्या बाजेवरून आवाज आला.

“बंगारद.”

कोणी काही बोलेना.

“बंगारद मनुष्य. बंगार म्हंजे सोनं. सोन्याचा माणूस.”

तो राजकुमारचा 1972 सालचा सिनेमा. बंगळूरला दोन वर्षे चालला होता म्हणतात. नायक गावात राहून शेती उभी करतो अशी ती गोष्ट. आईने तो पाहिलेला असणे शक्यच नव्हते. तिने नुसता शब्द ओळखला होता.

“आत्याबाई,” वहिनी अंधारात म्हणाल्या, “तुम्हाला कन्नड येतंय?”

“भालकीची हाय मी. न यायला काय झालं?”

आमची आई भालकीची हे आम्हाला ठाऊक होते. तिथे मामाकडे आम्ही राहिलोही होतो. पण आईच्या तोंडून कन्नड शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. ती सांगू लागली. नवी नवरी म्हणून रेणापुरात आली, तेव्हा तुपाला एकदा ‘तुप्प’ म्हणून गेली. पंगतीतल्या बायका हसल्या, आणि पुढे वर्षभर तिला ‘तुप्प’ म्हणूनच हाका मारत राहिल्या. तेव्हापासून तिने ती भाषा तोंडाबाहेर काढली नाही.

“मग मला का गाऊ दिलं नाही?” वहिनींचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही.

“तुला हसतील म्हणून,” आई म्हणाली.

पंधरा वर्षे वहिनी त्या वाक्याचा भलताच अर्थ धरून भांडी घाशीत होत्या. त्या रात्री दोघी किती वेळ बोलत होत्या मला माहीत नाही. मी जागी होते तोवर त्यांचे चाललेच होते, आणि मला त्यातले काही कळत नव्हते.

भाऊबिजेला सकाळी ओवाळणी झाली आणि आईने पाटी मागितली. गुडघ्यावर ठेवून, जिभेचे टोक दातांत धरून तिने एकेक काना-मात्रा काढली. लहानपणचे कुठले कन्नड गाणे होते कोण जाणे. वहिनींनी वाकून पाहिले, पाटी हातात घेतली, एका जागची वेलांटी पुसून ऱ्हस्व केली आणि पाटी आमच्याकडे फिरवली.

“हं, विचारा आता,” त्या म्हणाल्या.

भाच्याने ‘र’ विचारला. आईने ‘ला’ खोडले.